सागरी मार्गानें रेवस ते रेडी

आमचे एक स्नेही आहेत. कृष्णाकांठीं त्यांची सात एकर उंसाची बागाईत आहे. गेलीं दोन वर्षें त्यांस एका विचारानें पछाडलें होतें. देवगड तालुक्यांत हापूसच्या साठ कलमांची एक बाग विकावयाची आहे असें त्यांस एका आडत्याकडून कळलें होतें, व आपल्या सातांपैकीं तीन एकर काढून ती बाग घ्यावी असें त्यांच्या मनानें जवळजवळ घेतलेंच होतें. उंसास पाणी पाहिजे, पाण्यास वीज पाहिजे आणि विजेसाठीं रात्रीचें जागरण पाहिजे. तिकडे मात्र झाडास पाणी नको, नांगर नको, फळ पाडास आलें कीं पेटींत भरलें व झालें, असा त्यांचा हिशेब. घरांतील मंडळींस हा हिशेब पटेना. अखेर असें ठरलें कीं नुसती ती एक बाग पाहून न येतां सारा समुद्रकांठ उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत पाहावा, तेथील शेतकरी कसा जगतो तें त्याच्याच तोंडून ऐकावें, आणि मगच इसाराची गोष्ट काढावी. आमची हयात महसुलाच्या दप्तरांत गेल्यामुळें सातबाराचा उतारा आम्हांस वाचतां येतो, एवढ्याच गुणावर आमचीहि वर्णी लागली. मोटार स्नेह्यांची आणि चालक त्यांचे चिरंजीव, असा फाल्गुनांत प्रवास झाला. त्याची हकीकत आमच्या सभासद बंधूंस उपयोगी पडेल अशा समजुतीनें देत आहों.

रेवस बंदरापासून थेट गोव्याच्या सीमेलगतच्या रेडीपर्यंत जाणाऱ्या या सागरी मार्गाची लांबी पांचशें किलोमीटरांच्या घरांत आहे. त्याची कल्पना बॅरिस्टर अंतुले यांच्या कारकीर्दींतली म्हणून सांगतात. नांव महामार्ग असलें तरी वाट एकसंध नाहीं. कोंकणच्या नद्या लांबीनें तोकड्या पण मुखाशीं चांगल्या रुंद. त्यामुळें रस्ता खाडीपाशीं येतो आणि संपतो. तेथें मोटार तरींत घालावयाची, पलीकडे उतरावयाची आणि पुन्हां वाट धरावयाची. या खाड्यांवर मोठे पूल बांधण्याची योजना आहे. ज्यांस तरीवर उभें राहून भरती पाहावयाची असेल त्यांनीं त्यापूर्वीं जाऊन यावें.

वडखळहून पोयनाडच्या बाजूस वळल्यापासूनच देशावरच्या माणसास नवल वाटावें अशी जमीन लागते. ही खारजमीन. समुद्राचें भरतीचें पाणी शेतांत शिरूं नये म्हणून खाडीच्या कडेनें मातीचा बांध घातलेला असतो, व त्यांत ठिकठिकाणीं उघाड्या ठेवलेल्या असतात. ओहोटीच्या वेळीं शेतांतील पावसाच्या पाण्याच्या रेट्यानें उघाडीचें झांकण उघडतें व पाणी खाडींत जातें. भरती चढूं लागली कीं बाहेरच्या रेट्यानें तेंच झांकण घट्ट बसतें. माणूस जवळ नसला तरी चालतें. परंतु बांधास एकदां खांड पडली आणि खारें पाणी आंत आलें कीं पुढचे कांहीं पावसाळे भाताचें नांव काढूं नये. पूर्वीं गांवचे गांव पाट्या घेऊन खांड बुजवीत. १९४८ सालीं खारजमिनींचा कायदा झाला, १९७९ सालीं त्या जागीं नवा आला, व बांधांचें काम सरकारी खात्याकडे गेलें. एका म्हाताऱ्या कुळंब्यानें आम्हांस सांगितलें, “बांद सरकारचा झाला तवापास्ना पाटी कुनी उचलीत नाय.” शेत दोनचार वर्षें खारें पडून राहिलें कीं तेथें कांदळवन माजतें, आणि कांदळ तोडण्यास कायद्याची मनाई आहे, म्हणजे सातबारावर भातशेत आणि डोळ्यांसमोर जंगल, असा प्रकार कित्येक ठिकाणीं दिसला. आमच्याकडील लोक पाटबंधाऱ्याच्या चारीबद्दल जें बोलतात त्याच्याशीं हें ताडून पाहावें.

याच वाटेवर चरी गांव आहे. खोताच्या जुलमाविरुद्ध येथील व आसपासच्या गांवांतील कुळांनीं २७ ऑक्टोबर १९३३ पासून शेतें कसण्याचें बंद केलें, आणि तो संप सुमारें सहा वर्षें चालला. नारायण नागू पाटील हे त्याचे पुढारी. सहा वर्षें! उपजीविकेचें साधन स्वतःच्या हातानें पडीक ठेवून, रानांतील लाकूडफांटा विकून या लोकांनीं दिवस काढले. डॉ. आंबेडकर यांनीं १९३७ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें बिल आणलें, १९३९ सालीं पहिला कूळकायदा झाला आणि खोती रद्द करणारा कायदा १९४९ सालचा. आम्ही दप्तरांत ‘संरक्षित कूळ’ हे शब्द हजारों वेळां लिहिले असतील. त्या शब्दांची किंमत काय पडली हें चरीच्या बांधावर उभे राहिलों तेव्हां कळलें.

अलिबागेस भाताच्या खाचरांतच, भात निघाल्यावर, पांढऱ्या कांद्याचे वाफे होते. हा कांदा गोडसर, तिखटपणा कमी. काढून वाळवून पातीसकट वेणीसारखा विणतात आणि माळेच्या मापानें विकतात. २०२१ सालीं त्यास भौगोलिक मानांकन मिळालें, त्यामुळें दुसऱ्या गांवचा कांदा अलिबागचा म्हणून विकण्यास आडकाठी झाली. (कायद्यानें झाली, रस्त्यावरच्या दुकानांत झाली असें आम्ही म्हणत नाहीं.) कुलाबा किल्ल्यास ओहोटींत पायीं जातां येतें, आम्ही गेलों तेव्हां पाणी चढत होतें, म्हणून कांठावरूनच आंग्र्यांच्या आरमारास नमस्कार केला.

पुढें नागांव, चौल, रेवदंडा हा नारळीपोफळींच्या वाड्यांचा पट्टा. चौल हें प्राचीन बंदर. रशियन प्रवासी निकितिन पंधराव्या शतकांत येथें उतरला होता. खाडीपलीकडे कोर्लई गांवीं पोर्तुगिजांच्या भाषेपासून झालेली एक निराळीच बोली आजहि बोलतात. काशिदची वाळू पांढरीशुभ्र आहे व मुंबईकरांची गर्दीहि मोठी आहे, म्हणून आम्ही तेथें थांबलों नाहीं. राजपुरीहून शिडाच्या होडीनें जंजिऱ्यास मात्र गेलों. मराठ्यांस अखेरपर्यंत न मिळालेला हा सिद्दीचा जलदुर्ग १९४८ सालीं संस्थान विलीन झालें तेव्हां कोणाचें रक्त न सांडतां मुंबई राज्यांत आला. तटबंदी, तोफा यांचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. आमच्या स्नेह्यांनीं पाहिलीं तीं आंतील गोड्या पाण्याचीं दोन मोठीं तळीं. चहूंकडे खारा समुद्र आणि मध्यें हें पाणी पाहून ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत.

आगरदांड्याहून तरीनें दिघी, तेथून दिवेआगर व श्रीवर्धन. श्रीवर्धन हें पेशव्यांच्या भट घराण्याचें गांव आणि रोठा सुपारीचें आगर. येथें एका वाडीवाल्यांकडे आमचा मुक्काम झाला. सुपारीच्या वाडीइतकी सांवली दुसऱ्या कोणत्याहि पिकाखालीं नसेल असें आम्ही आजवर ऐकत आलों होतों, पण यांच्या वाडींत ऊन सरळ जमिनीवर पडत होतें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढलें. यजमान म्हणाले, “सकाळीं अकराच्या सुमारास वारा वाढला. आम्ही माजघरांत दार लावून बसलों. पोफळी मोडतांना आवाज बंदुकीसारखा होतो. आधीं मोजीत होतों, मग मोजणें सोडलें. संध्याकाळीं दार उघडलें तों वाडींतून समुद्र दिसला. आजोबांच्या वेळेपासून या ओटीवरून समुद्र दिसला नव्हता.”

या वाड्या एकरांत नसतात, गुंठ्यांत असतात. दहा गुंठ्यांची वाडी म्हणजे एक संसार. भरपाईचें माप आरंभीं हेक्टरी ठरलें, त्यामुळें दहा गुंठेवाल्याच्या हातांत काय आलें असेल हें वाचकांनीं त्रैराशिकानें काढावें. झाडागणिक हिशेब व्हावा अशी लोकांची ओरड होती ती याचसाठीं. बरें, पोफळ लावली कीं फळावर येण्यास सातआठ वर्षें जातात. यजमानांचें वय सत्तरीच्या पुढें. त्यांनीं वादळानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यांत रोपें लावलीं, व सांवलीसाठीं मध्यें केळी घातल्या. आमचे स्नेही रात्रीं आम्हांस हळूच म्हणाले, “उंसाला वादळ लागलें तर लोळतो, पण कारखान्याला जातो.” मनांतल्या मनांत त्यांचा हिशेब फिरूं लागला होता.

हरिहरेश्वराचें दर्शन घेऊन बागमांडल्यास तरींत बसलों आणि सावित्रीची खाडी ओलांडली. पलीकडे बाणकोटाचा किल्ला व नाना फडणविसांचें वेळास. वेळासच्या किनाऱ्यावर समुद्रकांसवें अंडीं घालतात. पूर्वीं तीं उकरून नेत, हल्लीं गांवचेच लोक घरटीं जपतात व पिलें पाण्यांत सोडण्याचा सोहळा पाहावयास पाहुणे येतात. घरोघर पाहुण्यांची जेवणाची सोय होते. ज्या गांवास भाताखेरीज पीक नव्हतें त्यास कांसवानें एक पीक दिलें म्हणावयाचें. केळशी, आंजर्लें हे रस्ते अरुंद, एस. टी. समोरून आली तर मागें सरकावें लागतें. हर्णैस दुपारीं माशांचा लिलाव पाहिला. सुवर्णदुर्ग समोरच, पण वेळेअभावीं जाणें झालें नाहीं.

कर्द्याच्या वाळूवर आमची फटफजिती झाली. वाळू घट्ट आहे, मोटार चालते, असें म्हणत चिरंजीवांनीं मोटार किनाऱ्यावर घातली व मागचीं दोन्ही चाकें आंसापर्यंत रुतलीं. पाणी चढूं लागलें. आम्ही हातांनीं वाळू उपशीत होतों. इतक्यांत वाडींतून एक गृहस्थ बैलजोडी घेऊन आले, जोखडास दोर बांधला, बैलांस नांवानें हांक मारली आणि दोन हिसक्यांत मोटार वर. बैल खांद्यास आमच्या खिलारांच्या निम्मे असतील. ते देऊं केलेले पैसे घेईनात. “बैलांना पेंड आणा” म्हणून गांवच्या दुकानाची वाट दाखविली. ही कोंकण कपिला नांवाची जात २०१८ सालीं स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. डोंगरउताराच्या लहान खाचरांतून वळण घेण्यास ती फार सोयीची. स्नेह्यांनीं पेंडीचें एक पोतें दिलें आणि चिरंजीवांशीं दापोलीपर्यंत शब्द बोलले नाहींत.

दापोलीस कृषि विद्यापीठ आहे, स्थापना १९७२. येथें आम्हीं पुरा एक दिवस घालविला व तो सत्कारणीं लागला असें म्हणण्यास हरकत नाहीं. हापूसचे तीन दोष तेथील एका तज्ज्ञ गृहस्थांनीं स्नेह्यांस स्पष्ट सांगितले. एक, झाड एक वर्षाआड धरतें; ज्या वर्षीं भरघोस आलें त्याच्या पुढच्या वर्षीं पुष्कळदां रिकामें. दुसरा, साका. बाहेरून सोन्यासारखें फळ, आणि कापलें तर आंत गराचा भाग पांढरट, आंबट, स्पंजासारखा. न कापतां ओळखण्याचा उपाय बागाईतदारापाशीं नाहीं. तिसरा, मोहोराचा नाजूकपणा. थंडी लांबली, ढग आले, अवेळीं पाऊस पडला कीं तुडतुडे, भुरी आणि अलीकडे फुलकिडे. साका होऊं नये म्हणून नीलम व हापूस यांच्या संकरानें वेंगुर्ल्याच्या केंद्रावर ‘रत्ना’ ही जात तयार केली. पुढें पातळ कोयीची ‘सिंधू’ आली. जातिवंत झाडें आम्हीं पाहिलीं. परंतु बाजार हापूसचेंच नांव घेतो, हें त्या गृहस्थांनींहि नाकारलें नाहीं. एक वर्षाआडचा दोष घालविण्यास झाडाच्या बुंध्याशीं औषध देतात. त्यानें मोहोर दरसाल येतो, मात्र त्या मानानें खत घातलें नाहीं तर झाड थकतें. बाग करारानें घेणारे व्यापारी औषध देतात आणि खत मात्र मालकावर सोडतात, तेव्हां विकत घ्यावयाच्या बागेंत हें औषध किती वर्षें पडलें तें आधीं विचारा, असें त्यांनीं बजावलें. उंचावरचें फळ देंठासकट उतरविण्याचा ‘नूतन झेला’ येथेंच पाहिला. देंठाजवळचा चीक फळास लागला तर डाग पडतो, म्हणून ही सारी खटपट.

दाभोळची तर, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी व तवसाळची तर यांविषयीं लिहावयाचें तर लेख लांबेल. सारीं स्थळें रम्य आहेत. जयगडहून मालगुंडास केशवसुतांचें जन्मस्थान पाहिलें, गणपतीपुळ्यास दर्शन घेतलें. रत्नागिरींत थिबा राजाचा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाच्या या राजास १८८६ पासून येथें ठेवलें होतें. वाडा १९१० सालीं झाला आणि १९१६ सालीं राजा वारला. एवढी इमारत बांधून मिळाली खरी, पण सुटका नाहीं मिळाली. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रावरून चार रोपें घेतलीं. देशावर तीं कितपत फळतील याची शंका तेथेंच व्यक्त झाली होती.

रत्नागिरीच्या दक्षिणेस रस्ता वारंवार सड्यावर चढतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचें उघडें पठार. फाल्गुनांत काळें, तापलेलें आणि ओसाड. या कातळावर पूर्वीच्या कोणा लोकांनीं प्रचंड चित्रें कोरून ठेविलीं आहेत. कशेळीचा हत्ती पाहिला. त्याच्या पायांपासून पाठीपर्यंत चालत जावें लागतें आणि आंत लहानमोठे अनेक प्राणी. चित्राच्या भोंवतीं मैलभर शेत नाहीं. ज्यांनीं हें कोरलें ते खात काय होते, असा प्रश्न स्नेह्यांनीं केला; आम्हांपाशीं उत्तर नव्हतें.

विजयदुर्ग ओलांडून देवगडास आलों. आमच्या प्रवासाचें खरें कारण हें. बागा कातळावरच आहेत. सुरुंग लावून कातळ फोडावयाचा, खड्ड्यांत डोक्यावरून आणलेली माती भरावयाची, त्यांत कलम बसवावयाचें, पहिलीं वर्षें घागरीनें पाणी घालावयाचें. झाडास पाणी नको म्हणतात तें नंतरचें. विकावयाची बाग समुद्रापासून कोसाभरावर, उतरत्या सड्यावर होती. मालक ऐंशीच्या घरांतले. त्यांच्या वडिलांनीं यांतले पंचवीस खड्डे स्वतः फोडले व बाकीचे यांनीं. मुलगे मुंबईस. फवारणीस येणाऱ्या मजुरांची वाट पाहावी लागते, मोहोरापासून फळ उतरेपर्यंत रात्रंदिवस राखण ठेवावी लागते, वानर ऐकत नाहींत. माल वाशीच्या बाजारांत जातो, पट्टी मागाहून येते. हें सर्व त्यांनीं न लपवितां सांगितलें. विकणाऱ्यानें असें बोलावयाचें नसतें म्हणून आम्हांस नवल वाटलें.

मग उतारा पाहिला. भोगवटदार सदरीं चौदा नांवें, त्यांतलीं पांच मयतांचीं. वारस लागलेले नव्हते. इतर हक्कांत एका कुळाचें नांव. १९४८ च्या कूळकायद्यानें १ एप्रिल १९५७ या कृषक दिनीं कसणारें कूळ कायद्यानें मालक मानलें गेलें. त्या कुळाचें पुढें काय झालें, त्यानें जमीन घेतली कीं खरेदी निष्फळ ठरली, याचा फेरफार त्यांच्यापाशीं नव्हता. कुळाकडून आलेली जमीन असेल तर कलम ४३ च्या अटी पाहाव्या लागतात. शिवाय एकत्र खातें, आणेवारी ठरलेली पण मोजणी होऊन पोटहिस्से पडलेले नाहींत. म्हणजे साठ कलमांपैकीं कोणतीं कोणाचीं हें केवळ बोलण्यावर. कोंकणांत हें सर्रास आहे. ज्या बांधवांस तिकडे जमीन घेण्याचा मोह होत असेल त्यांनीं झाडें मोजण्यापूर्वीं नांवें मोजावीं, व १९५० नंतरचे सर्व फेरफार काढवून घ्यावेत. रस्त्याच्या रुंदीकरणाची बोलवाहि गांवांत होतीच, आणि तिनेंच भाव चढले होते.

आम्हीं हें सारें मालकांच्या देखतच सांगितलें. त्यांनीं वाद घातला नाहीं. ते आम्हांस बागेच्या खालच्या टोंकास घेऊन गेले. तेथें एका दगडास शेंदूर होता. दरसाल पहिला आंबा येथें ठेवतात आणि राखणदारास नारळ देतात. “घेणारे देशावरचे, तुम्हांस हें कसें माहीत असणार, म्हणून दाखवून ठेवतों,” एवढेंच बोलले. त्या रात्रीं त्यांच्या ओटीवर जेवण झालें. अढींतला आंबा अजून पिकला नव्हता, म्हणून आंबोशीचें सार होतें.

मालवणास सिंधुदुर्ग पाहिला. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं शिवछत्रपतींनीं त्याची पायाभरणी केली. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी समुद्रांतल्या खडकावर आजहि आहेत. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रावर काजूच्या ‘वेंगुर्ला-४’ व ‘वेंगुर्ला-७’ या जाती दाखविल्या. बी मोठी, धरणें लवकर. पण स्नेह्यांचें लक्ष नव्हतें. रेडीस लोखंडाच्या खाणींनीं तांबडी झालेली धूळ उडत होती. मार्ग येथें संपतो. तेरेखोलची खाडी दिसली, आणि स्नेही म्हणाले, “परत देवगडावरूनच जाऊं.”

परतल्यावर त्यांनीं बाग विकत घेण्याची गोष्ट काढलीच नाहीं. येत्या दसऱ्यापासून दोन हंगाम बाग करारानें घेतों, फवारणी, राखण व मजुरी आमची, खत निम्मे निम्मे, आणि बुंध्यास औषध कोणीं घालावयाचें नाहीं, असें ते बोलले. तोंवर मालकांनीं वारस लावून घ्यावेत, फेरफार काढावेत, पुढचें पुढें. म्हाताऱ्यानें बराच वेळ विचार केला. मग मुंबईस मुलांस विचारतों म्हणाले, आणि आठ दिवसांनीं होकार कळविला. देशावरचे तीन एकर आहेत तसेच आहेत. करारपत्राचा मसुदा आम्हीं केला. त्यांत शेवटचें कलम मालकांच्या सांगण्यावरून घातलें तें असें : घरालगतचीं दोन कलमें करारांत धरलेलीं नाहींत, त्यांचीं फळें मे महिन्यांत येणाऱ्या नातवंडांसाठीं राखावयाचीं, आणि पहिला आंबा उतरेल त्या दिवशीं खालच्या टोंकास नारळ देण्याचा खर्च करार घेणाऱ्यानें सोसावा.